गुरुवारची विद्यार्थिनी

जून लागला की आमच्या जळगावच्या घरी एक-दोन मुली तरी येतात. सोबत आई नाहीतर मामा असतो. पदवी झालेली असते आणि साधं बी.एड. करावं की विशेष शिक्षणाचं, यावर घरात खल चाललेला असतो. "मॅडम, खर्च किती येतो, आणि हातात काय पडतं?" मुलगी हे दबक्या आवाजात विचारते, मामा खणखणीत.

मी आहे ते सांगते. फी साध्या बी.एड.पेक्षा फार काही कमी नसते. कॉलेजं मोजकी, त्यामुळे घर सोडून राहावं लागतं. खोली, खानावळ, सरावाच्या शाळांचा प्रवास हे वेगळंच. पदवीनंतर दिल्लीला नाव नोंदवायचं. ती नोंदणी काही वर्षांनी नव्याने करायची, आणि त्यासाठी प्रशिक्षणं करायची ती स्वतःच्या पैशाने. नोकरी मिळाली तर बहुधा कंत्राटी, अकरा महिन्यांची. एक दिवस घरी बसवतात आणि परत नवा कागद. पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात.

माझे वडील धुळ्याला एका जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. जिनिंग बंद पडलं तेव्हा जे काही हाती आलं, ते त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "बठ्ठा पैसा हाऊच शे. तू शिकी ले." सगळा पैसा एवढाच, तू शिकून घे. माझं पहिलं मानधन सात हजार होतं आणि त्यातच पेट्रोल. वडिलांनी एकदाच विचारलं, "महिन्याचं का आठवड्याचं?" थट्टा नव्हती ती. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

इथपर्यंत ऐकून बहुतेक मामा उठतात. एखादी मुलगी बसून राहते. तिला मी बाकीचं सांगते. एक खर्च मात्र मी आजवर कोणालाच सांगितला नव्हता. एका शब्दापायी मी अकरा महिने घरी बसले होते. एका दिवाळी अंकासाठी कामातला एखादा अनुभव लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की तो सांगून टाकावा.

आधी काम काय ते सांगते. मी फिरती विशेष शिक्षिका. ज्या मुलांना ऐकू येत नाही, दिसत नाही, समजायला वेळ लागतो किंवा हातपाय साथ देत नाहीत, ती आपापल्या गावच्या शाळेत असतात. त्यांच्याकडे मी आठवड्यातून एकदा जाते, त्यांच्या गुरुजींना दोन गोष्टी दाखवते. काही मुलं शाळेपर्यंत पोचूच शकत नाहीत. त्यांना घरी जाऊन शिकवायचं. शिकवायचं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना पटत नाही. भुसावळला रेल्वे कॉलनीतल्या एका मुलाला मी आठ महिने चप्पल घालायला शिकवत होते. डावी डाव्या पायात, उजवी उजव्या पायात. ज्या दिवशी त्याने दोन्ही बरोबर घातल्या, त्या दिवशी त्याच्या आईने सगळ्या चाळीत पेढे वाटले. शेजारच्या बाईने विचारलं, "कितवीत पास झाला?" आई म्हणाली, "चपलेत."

माझ्या धंद्यात हीच कमाई. तिच्या आशेवर माणूस टिकतो, आणि याच आशेपायी माझा पाय घसरला.

सात-आठ वर्षांपूर्वी जानेवारीत मला सावद्याच्या आतल्या भागातली गावं दिली. आधीचे बोरसे सर नोकरी सोडून धुळ्याला गेले होते. त्यांच्या फाइलीत घरी शिकणाऱ्या सहा मुलांची नावं होती. शेवटचं नाव पूनम, वय अकरा. मेंदूच्या पक्षाघाताची मुलगी; जन्मापासून हातपाय ताठ, मान न धरणारी, न बोलणारी. भेटीचा वार गुरुवार. बोरसे सरांचं अक्षर मोत्यासारखं, आणि नोंदी वाचून मला हुरूप आला. पहिल्या तिमाहीत 'मान क्षणभर धरते.' पुढे 'आधाराने बसते.' त्यापुढे 'ओळखीच्या आवाजाकडे वळते.' अशा मुलांत इतकी चढती नोंद मी पाहिलीच नव्हती. बाकी पाच मुलांच्या नोंदी वर्षभर जागच्या जागी होत्या.

घर गावात नव्हतं, केळीच्या मळ्यात होतं. रस्त्यावर गाडी लावायची आणि केळीतून पायवाटेने जायचं. ज्यांनी केळीचा मळा फक्त रस्त्यावरून पाहिलाय, त्यांना कळायचं नाही. भर दुपारी बारा वाजता आत शिरलं की दिवस मावळल्यासारखं वाटतं. अंगावर गार येतं. वारा नसतानाही फाटलेली पानं एकमेकांवर घासत राहतात, आणि आपल्या मागून कोणी चालतंय असं वाटून माणूस तीनदा थांबतो. मी थांबले की ते चालणंही थांबायचं.

वाट संपली तिथे एक बाई उभी होती. मी येणार हे मी कळवलेलं नव्हतं.

"गुरवारच्या नव्या म्याडम का? या नं. पोरगी सकायपासून वाट पाहून राह्यली व्हती. आताच डोया लागला तिचा."

पूनमची आई, लताबाई. पस्तिशीच्या आतबाहेर, अंगावर स्वच्छ धुतलेलं पातळ, हाताला खोबरेल तेलाचा वास. नवरा सुपडूभाऊ केळीच्या गाड्या भरणाऱ्या टोळीत कामाला. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीला खिडकी नव्हती. खाटेला मच्छरदाणी लावलेली, आत डोक्यापर्यंत चादर घेतलेलं लहानसं अंग. शेजारी अशा मुलांना बसवायला देतात ती लाकडी खुर्ची, तिचा पट्टा नव्या भोकात अडकवलेला. दोरीवर एक फ्रॉक वाळत होता, ओला. खाली पाणी टपकत होतं.

झोपलेल्या मुलाला उठवायचं नाही, पहिल्या भेटीत अंगाला हात लावायचा नाही, हे मी शिकले होते. त्यामुळे मी आईशीच बोलले. खाणंपिणं कसं, झटके येतात का, कुशीवर कधी वळवता. लताबाईंची उत्तरं इतकी नेमकी, की नर्सने सांगावीत. "सकायी अर्धी वाटी पेज घेतली. डाव्या अंगाले कमी ताठते आता." मी लिहून घेतलं. वहीत त्यांनी सही केली, एकेक अक्षर सावकाश कोरत.

दुसऱ्या गुरुवारीही पूनम झोपलेलीच. मी म्हटलं, "आज उठवू या का?"

"नवा आवाज आयकला का भेते ती," लताबाई म्हणाल्या. "तुमी आठून, भाईरूनच बोला. आयकते बरोबर."

मग मी मच्छरदाणीच्या बाहेर बसले. खुळखुळा वाजवला, एका बाजूने, मग दुसऱ्या. मांजरीच्या पिल्लाची गोष्ट सांगितली. तुम्हाला हे वेड्यासारखं वाटेल, पण माझं निम्मं आयुष्य न बोलणाऱ्या मुलांशी बोलण्यात गेलंय. त्या खोलीत बोलताना मला काहीच वेगळं वाटलं नाही. गोष्ट संपत आली आणि आवाज आला. "ऊंऽऽ." घशातून, ओढलेला, शेवटी जरा वर जाणारा. अशी मुलं खूश झाली की असाच आवाज काढतात. अंगावर शहारा आला माझ्या, पण आनंदाचा. लताबाई खाटेच्या उशाशी बसून डोळे भरून खाटेकडे पाहत होत्या.

वहीत मी लिहिलं, 'विद्यार्थिनीने नव्या आवाजाला प्रतिसाद दिला.' खाली माझी सही.

तिसऱ्या गुरुवारी लताबाईंनी माझ्या हातात एक दोरा दिला. दोन टोकांना दोन गाठी. "पाय वाढला तिचा. बूट आखूड होऊन राह्यले. नवे भेटतीन का?"

सरकारी शिबिरात अशा मुलांना मापाचे बूट मिळतात. मी फाइलीतल्या जुन्या मापाशी दोरा ताडून पाहिला. चांगला बोटभर लांब होता. फॉर्म भरला आणि पूनमचं नाव सावद्याच्या शिबिराच्या यादीत घातलं. त्या दिवशीही चादर डोक्यावर होती. त्या दिवशीही आवाज आला. मला पुढे आणखी दोन घरं गाठायची होती. तीन आठवड्यांत मी त्या मुलीचा चेहरा पाहिलेला नाही, हे माझ्या मनात आलंच नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आलं होतं. पण नोंद चांगली होती, आई समाधानी होती, आणि त्या घरी मला चहा मिळायचा.

शिबिराच्या दिवशी मांडवात मी टेबलावर यादी घेऊन बसले होते. त्या गावच्या आशा कार्यकर्त्या मंगलताई आपल्या गावची मुलं घेऊन आल्या. समोरच्या खुर्चीवर बसून यादीवरून बोट फिरवत त्या थांबल्या.

"हे नाव कोणी घातलं?"

"मी. बूट आखूड झालेत तिचे."

मंगलताई पुढे वाकून हळू म्हणाल्या, "म्याडम, पूनम तर गेली. दोन पावसाळे झाले. मी सोता व्हते मातीले."

मी म्हटलं, "काहीतरी चुकतंय तुमचं. दुसरी कोणी असेल. मी मागच्या गुरुवारी तिच्याशी बोललेय. आवाज काढला तिने."

मंगलताई बसल्या होत्या ती खुर्ची त्यांनी जरा मागे सरकवली. माझ्यापासून.

मांडवात लाऊडस्पीकरवर नावं पुकारली जात होती. पूनमचं नाव पुकारलं गेलं. एकदा, दोनदा. यादीतून ते खोडायचं मला धैर्य झालं नाही. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी मांडवाच्या दाराकडे पाहिलं. कोण येणार होतं, ते मला माहीत नाही. पण पाहिलं.

रविवारी मी धुळ्याला गेले. बोरसे सरांनी तिथे झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. मशीनच्या वर भिंतीला त्यांची विशेष शिक्षणाची पदवी चौकटीत लावलेली. एम.ए.सुद्धा होते ते. मला पाहून त्यांनी दुकानातली गर्दी संपवली, एक स्टूल पुढे सरकवलं. पूनमचं नाव मी काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तुम्हाला आवाज आला?"

मी मान हलवली.

"मलाही यायचा," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. पूनम होती तेव्हा ते खरोखर तिला शिकवत होते. प्रगती काही नव्हती. एक गुरुवार त्यांचा चुकला, मिटिंग होती. पुढच्या गुरुवारी गेले तर वाटेतच सुपडूभाऊंच्या टोळीतल्या एकाने सांगितलं की पोरगी गेली. दोन शब्द सांत्वनाचे बोलावेत, नाव कमी करावं म्हणून ते घरी गेले. लताबाई वाटेच्या टोकाला उभ्या. म्हणाल्या, वाट पाहून पाहून झोपली.

"मी त्या दिवशी बोलू शकलो नाही. म्हटलं, पुढच्या वेळी सांगू. पुढच्या वेळीही नाही. आणि मग वरून भेटींचा आकडा मागायला लागले. नाव कमी केलं असतं तर एक घर कमी, आकडा कमी, करार धोक्यात. खोटं कशाला बोलू? सुरुवात त्यासाठीच झाली."

"आणि नंतर?"

ते मशीनचं झाकण पुसू लागले. "नंतर, मॅडम, सगळ्या आठवड्यात तेवढ्या एका घरी कोणी माझी वाट पाहायचं. आणि खरं सांगू? माझ्या सहा मुलांत तीच एक सुधारत होती."

त्यांना मच्छरदाणी उचलावीशी वाटली नाही का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "रिकामी असती तरी भीती, आणि नसती तरी."

तालुक्याच्या कार्यालयात मी आमच्या साहेबांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लोटून घेतलं. "महिन्याअखेर वरून पडताळणी आहे. तुम्ही 'स्थलांतरित' लिहा. कुटुंब बाहेरगावी गेलं. बोरसे सुटले, तुम्ही सुटलात, मीही सुटलो. 'मृत' लिहिलं तर तारीख टाकावी लागेल. खरी तारीख टाकली तर दोन वर्षांच्या खोट्या भेटी उघड्या पडतात. त्यांतल्या तीन तुमच्या हातच्या आहेत. मानधन कापतील, करार जाईल, नोंदणीवरसुद्धा येऊ शकतं. आहे तयारी?"

तयारी नव्हती. माझ्या मुलीचं बारावीचं वर्ष होतं. यजमानांची नोकरी सुट्या भागांच्या दुकानात, तीही रोजावर. वडिलांनी जिनिंगचा सगळा पैसा ज्या कागदासाठी मोजला, तो कागदच जाणार असेल तर मी कोण उरते, हा विचार मी घरी जाताना बसमध्ये करत होते. विशेष शिक्षिका नसलेली मी माझ्या डोळ्यांपुढे येईना. आणि तरी साहेबांनी सुचवलेला शब्द लिहवेना. स्थलांतरित मुलीचं नाव पुसलं जात नाही, पुढच्या तालुक्याला पाठवलं जातं. तिथली कोणी तिला शोधायला निघाली असती. पूनम कागदावर कुठेतरी वाढतच राहिली असती. बारा, तेरा, चौदा वर्षांची. बूट आखूड होत राहिले असते.

चौथ्या गुरुवारी मी गेले. फेब्रुवारी संपत आला होता, बाहेर ऊन चढायला लागलेलं, पण केळीत तोच गारवा. त्या दिवशी मागून कोणी चालत असल्यासारखं वाटलं तरी मी थांबले नाही. लताबाई नेहमीच्या जागी. "आज लवकर निजली," म्हणाल्या. सुपडूभाऊ घरी होते. त्या दिवशी गाडी लागली नव्हती. ते पडवीत विळ्याला धार लावत बसले होते. मला पाहून उठून उभे राहिले.

मी आत जाऊन बसले. काय बोलायचं ते सगळं ठरवून आले होते आणि ते सगळं विसरले. सवयीने मी खुळखुळा काढला. एकदा वाजवला.

"ऊंऽऽ."

यावेळी मी खाटेकडे पाहिलं नाही. लताबाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. गळ्याची शीर थरथरत होती. आवाज त्यांच्यातून येत होता. आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच कान देऊन ऐकणं होतं, जे इतके दिवस माझ्या चेहऱ्यावर असणार. त्यांना ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं ज्या लेकराचा तेवढा एकच आवाज ऐकला, तो त्यांच्या गळ्यात येऊन राहिला होता आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. नंतरही कधी नाही.

"लताबाई, मी जाळी वर करते," मी म्हटलं.

"उठंन ती."

मी जाळी वर केली. चादर बाजूला केली. दोन गोधड्या गुंडाळून आडव्या ठेवलेल्या. उशीला मधोमध खळगा होता, त्यात तेलाचा ताजा डाग. पायथ्याशी बूट, पुसून ठेवलेले. इतकंच. माहीत असणं आणि उशीवरचा तो ओला डाग पाहणं यांत फार अंतर आहे.

लताबाई ओरडतील, रडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त चादर परत वर ओढली, खांद्यापर्यंत.

मी वही उघडली. "मी आज इथे खरं लिहिणार आहे. नाव कमी करणार आहे."

"लिवू नका," त्या एकदम म्हणाल्या. माझं मनगट धरलं त्यांनी. त्या हातांत किती ताकद होती, ते मला तेव्हा कळलं. रोज नऊ वर्षं एक ताठ अंग उचलणारे हात होते ते. "म्याडम, लिवू नका. तुमी लोक लिवतात ते खरं होते."

दारातून आवाज आला. सुपडूभाऊ. मी त्यांना तोवर कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"मले ते कधीच दिसली नाही, म्याडम. मी रोज खाटेवर पाहो. गोधड्या दिसत. पन आधी ते सर येत, मंग तुमी. तुमी शिकेल मानसं. तिच्याशी बोलत, वहीत लिवून नेत. मान धरली म्हने, बसली म्हने." त्यांनी विळा खाली ठेवला. "मले वाटलं, तुमाले दिसत असंन. मलेच दिसत नसंन. बापाचं पाप असंन काई."

वडिलांनी फीचे पैसे मोजले त्या दिवसापासून या पदवीचं मोल काय, हे मी महिन्याच्या एक तारखेला जोखत आले होते. कमी पडतं म्हणून कुढत आले होते. माझ्या एका ओळीत इतकी ताकद आहे, की एक धडधाकट माणूस दोन वर्षं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ना कॉलेजात, ना प्रशिक्षणात.

मी त्यांना म्हटलं, "भाऊ, मला काही दिसत नव्हतं. सरांनाही नाही. आम्ही खोटं लिहिलं."

सुपडूभाऊ उंबऱ्यावर बसले. मी तारीख विचारली. त्यांनी सांगितली, म्हणाले, "बुधवार व्हता."

"गुरवार," लताबाई म्हणाल्या. त्या खाटेकडेच पाहत होत्या. "गुरवार व्हता. तिची येनी घातली, पावडर लावली. सर येतीन म्हून. झटका आला. मी तिले सांगे, दम धर, सर येऊनच राह्यले. ते काई आले नाही त्या दिशी."

मग त्यांनी माझं मनगट सोडलं.

मी लिहिलं. 'मृत.' तारीख टाकली. त्याखाली वेगळी ओळ लिहिली, की आधीच्या तिन्ही भेटींत मी विद्यार्थिनीला पाहिलेलं नव्हतं. लताबाईंनी सही केली नाही. सुपडूभाऊंनी अंगठा दिला. निघताना त्यांनी मला सांगितलं, की बुटाचं माप शेजारच्या मळ्यातल्या पोरीच्या पायाचं होतं. ती आणि पूनम एकाच महिन्यात जन्मलेल्या. लता तिला दर दिवाळीला ओवाळायच्या निमित्ताने बोलवायची आणि पाय मोजून घ्यायची.

पुढचं साहेबांनी सांगितलं होतं तसंच झालं. करार गेला. अकरा महिने मी घरी शिवणकाम केलं. मुलीच्या फीसाठी पाटल्या मोडल्या. नोंदणी वाचली, कारण मी स्वतः होऊन कबूल केलं, असा शेरा कोणा भल्या माणसाने मारला. बोरसे सरांनाही पत्र गेलं. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, "जाळी उचललीत?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "बरं केलंत," आणि फोन ठेवला. नंतर मला परत घेतलं, पण अमळनेरकडची गावं दिली. त्या मळ्याकडे पुन्हा जाणं झालं नाही. मंगलताईंकडून कळायचं, की लताबाई महिनाभर खाटेवरून उठल्या नाहीत. मग एक दिवस उठल्या आणि बायकांच्या टोळीबरोबर निंदणीला जाऊ लागल्या.

तेव्हापासून मी कोणाच्याही घरी गेले की आधी मुलाचा चेहरा पाहते. झोपलं असलं तरी चादर बाजूला करून पाहते. काही आयांना राग येतो. येऊ दे.

लताबाई मला एकदाच दिसल्या, तीनेक वर्षांनी. एका कामासाठी सावद्याला गेले होते आणि परतीच्या बसची वाट पाहत स्टँडवर उभी होते. दुपारची वेळ. समोर बांगड्यांच्या गाडीपाशी तीन-चार बायका भाव करत होत्या, त्यांत त्या. अंगाने भरल्या होत्या. हातात हिरव्या बांगड्या चढवताना त्या कशावरून तरी हसत होत्या, तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. हसता हसताच त्यांनी वळून पाहिलं. आमच्यात दहा पावलांचंही अंतर नव्हतं. मी हात थोडा वर केला.

त्यांची नजर माझ्यावर आली आणि जराही न अडखळता पलीकडे गेली; मागच्या भिंतीवर, बसच्या पाटीवर. मी उभी होते तिथे कोणी नव्हतंच. मग त्या परत गाडीकडे वळल्या आणि त्यांचं हसणं पुन्हा सुरू झालं.

माझा हात तसाच अर्धा वर होता. शेजारच्या म्हाताऱ्याने मला "अक्का, जळगावची गाडी लागली," म्हणून सांगितलं, तेव्हा मी तो खाली घेतला.